मागचे मिस्त्री

शहागडचे मागचे मिस्त्री दुरुस्तीला आलेल्या गाडीत कधी बसायचे नाहीत. ते मालकाला म्हणायचे, "चालवा. हळू चालवा. मी मागून येतो." मग मालक गोदावरीच्या पुलाच्या दिशेने गाडी काढायचा आणि मिस्त्री पायजमा वर खोचून, हात पाठीमागे बांधून, मान एका बाजूला कलती करून तिच्या मागून चालू लागायचे. नव्या ड्रायव्हरला वाटायचं, म्हातारा गाडी ढकलायला येतोय की काय. चहाच्या हॉटेलांतले लोक मात्र मान वर करून बघायचेही नाहीत, इतकं ते रोजचं होतं. पुलापर्यंत जाऊन परत आलं की मिस्त्री उकिडवे बसायचे आणि ज्या चाकात दोष असेल त्याला नुसता हात लावायचे. त्यांचा हात चुकलेला मी पाहिला नाही.

मी एकदा विचारलं, गाडीत बसून आवाज जास्त चांगला ऐकू येणार नाही का? तर म्हणाले, "माझा बाप मेंढरामागं चालायचा, बाई. म्होरं चालणाऱ्याला लंगडं जनावर दिसतच न्हाई. गाडीत बसलं की म्या म्होरलाच झालो की."

मागचे मिस्त्री हे नाव मात्र या चालण्यावरून पडलेलं नव्हतं. ते गाडीच्या फक्त मागच्या भागाचं काम करायचे. गिअरबॉक्सपर्यंत जे काही असेल ते दुसऱ्यांचं, तिथून मागे जे फिरतं ते ह्यांचं. शेजारच्या गॅरेजमधून इंजिनाचा एखादा बोल्ट घट्ट करायला कुणी बोलावलं तरी जायचे नाहीत. "त्याच्यातलं मला कळत न्हाई," असं सरळ सांगायचे. स्वतःला काय कळत नाही हे इतक्या थाटात सांगणारा माणूस मी शिक्षकांच्या खोलीत तीस वर्षं काढूनही पाहिला नाही, आणि त्यात मीही आले.

मी जालन्याच्या एका शाळेत गणित शिकवायचे. माझे यजमान कालव्याच्या कामावर इंजिनिअर होते. लग्नाआधी त्यांनी हैदराबादच्या एका घरातून एक जुनी विलायती गाडी आणली होती. लाल, बुटकी, दोनच माणसांची, कापडी छताची, शर्यतीत पळावी अशा बेताची. जालन्याच्या रस्त्यांवर ती पळण्यापेक्षा उड्याच जास्त मारायची. पण ह्यांचा जीव तिच्यात होता. दर चतुर्थीला आम्ही तिच्यातून राजूरला गणपतीला जायचो आणि देवळापेक्षा आमच्या गाडीभोवती गर्दी जास्त व्हायची. मला ह्यांनी कालव्याच्या कच्च्या रस्त्यावर ती चालवायला शिकवली. "गणिताच्या बाई, गिअर पाठ करू नका, ऐका," असं म्हणून हसायचे. आणि एका दुपारी कामावरच छातीत कळ येऊन गेले. चव्वेचाळीसचे होते.

त्यानंतर तीन वर्षं गाडी अंगणात ताडपत्रीखाली उभी होती. नव्वद सालच्या आसपासची गोष्ट. श्रावणात एका रविवारी मला काय वाटलं कुणास ठाऊक, मी ताडपत्री काढली, ओळखीच्या मेकॅनिककडून बॅटरी बसवून घेतली आणि गेवराईकडे माहेरी जायला निघाले. अंबड गेलं तेव्हाच मागून टकटक सुरू झाली होती. शहागड येईपर्यंत कुणी मागून घण घालतंय असं वाटायला लागलं. मी रस्त्याच्या कडेला उभी राहिले. माझ्याभोवती ट्रकवाले जमले, आणि त्यांच्यातून वाट काढत एक बारीक अंगाचे, पांढऱ्या मिशांचे गृहस्थ आले. गाडीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलंच नाही, आणि म्हणाले, "चालवा. मी मागून येतो."

परत आल्यावर त्यांनी मागच्या दोन्ही चाकांना हात लावला. "दोनी पाय गेले. डावा जास्ती." मग गाडीखाली सरकले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. आले तेव्हा त्यांच्या तळहातावर तांबडी भुकटी होती. "किती दिस उभी व्हती?" मी सांगितलं, तीन वर्षं. मान हलवून म्हणाले, "मंग बराबर. ही चालून झिजली न्हाई बाई, उभं राहून झिजली. ग्रीस वाळलं, गंज बसला. चालती ठेवली असती तर आनखी दहा वर्षं काही झालं नसतं." मी मान खाली घातली. ते गाडीबद्दलच बोलत होते, हे मला कळत होतं, तरी.

बिघाड काय होता, ते त्यांनी मला मातीत काडीने काढून दाखवलं. मागच्या प्रत्येक चाकाला गती देणारा एक दांडा असतो. चाक वरखाली होतं म्हणून त्या दांड्याला दोन्ही टोकांना वळणारे सांधे लागतात. सांध्यात अधिकच्या चिन्हासारखा एक लोखंडी तुकडा असतो, त्याला ते क्रॉस म्हणायचे. त्याच्या चारही टोकांवर एकेक वाटी, आणि वाटीच्या आत गोलाकार उभ्या केलेल्या बारीक सुया. आमच्या गाडीचे चारही क्रॉस गेले होते. त्यातून आमच्या गाडीचा दांडाही अखंड नव्हता, दोन तुकडे एकात एक सरकणारे, खाचांत खाचा बसवलेले. "असलं ट्रकला असतंय," मिस्त्री खूश होऊन म्हणाले. "एवढ्याशा गाडीला म्या पहिल्यांदाच बघून राह्यलो. इथंच ठेवा."

मी एसटीने घरी आले. घरात माझे मोठे दीर होते, सगळे त्यांना दादा म्हणायचे. बियाण्याचं दुकान होतं त्यांचं, बोलणं मोजकं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "सुमन, ती तिथंच राहू दे. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी माझ्या ओळखीचा ट्रक बीडकडून भंगार घेऊन येणार आहे. तो उचलून थेट भट्टीवर नेईल." जालन्यात सळईच्या भट्ट्या आहेत, भंगाराला तिथे कधी नाही म्हणत नाहीत. मी म्हटलं, "आणि त्याच्या आत दुरुस्त झाली तर?" दादांनी दुकानाची वही मिटली. मग म्हणाले, "एक गेला. त्या गाडीत तुला एकटीला काही झालं, तर मी माझ्या भावाला काय सांगू? पण ठीक आहे. त्या दिवशी ती आपल्या चाकावर चालत असली तर मी एक शब्द बोलणार नाही. नसली, तर तू बोलायचं नाही."

मी हो म्हटलं. त्या रात्रीपासून माझ्या डोळ्यांसमोर एकच चित्र यायचं, ह्यांची गाडी वितळून सळई झालीय आणि कुणाच्या तरी स्लॅबमध्ये जाऊन बसलीय.

मिस्त्रींना मी मुदत सांगितली तेव्हा ते म्हणाले, "दसरा लांब हाय." मी विचारलं, नवे क्रॉस कुठे मिळतील? म्हणाले, "ह्या गाडीचे कुठंच न्हाई. पन लोखंडाला काय ठाव आपण कुठल्या गाडीचे?" आणि एक जुनी वाटी पुसून माझ्या हातात दिली. "जालन्यात जुन्या मालाची दुकानं हायेत ना? दुकानदाराला नाव सांगू नका, माप सांगू नका. वाटीला वाटी लावून बघा. बिलकुल बराबर बसली तरच आना. जवळपास चालंल म्हनला, तर उठून या."

पुढचे पाच आठवडे मी शाळा सुटली की जुन्या मालाच्या दुकानांत बसलेली असायचे. गंजाच्या ढिगाऱ्यात पाचवारी नेसलेली बाई पर्समधून वाटी काढून लोखंडाला लावून बघतेय, हे दृश्य माझ्या विद्यार्थ्यांनीही पाहिलं. दहावीच्या वर्गात माझं नवं नाव पडलं, ते मला कळलं होतं, इथे सांगत नाही. "जवळपास चालेल" म्हणणारे नऊ दुकानदार भेटले. मी उठून आले. दहाव्याकडे एका जुन्या जीपचे क्रॉस निघाले, कोरे, तेलकट कागदात गुंडाळलेले. वाटीला वाटी लावली आणि नख शिरायलाही जागा राहिली नाही. मला तिथेच टाळी वाजवावीशी वाटली. मिस्त्रींनी ते हातात घेतले, उलटसुलट केले, म्हणाले, "बाईला दिसतंय." एवढंच. माझ्या आयुष्यात मला दोन पदव्या मिळाल्या आहेत, पण त्या दोन शब्दांचा आनंद वेगळा होता.

मला वाटलं माझं काम संपलं. पण मिस्त्रींनी दोन्ही हात माझ्यापुढे धरले. बोटांची टोकं पांढरी, गुळगुळीत झाली होती. पूर्वी कधी तापलेला ब्रेकड्रम हातांनी झेलला होता म्हणे. "पान्हा धरतेत, पकडीचा शिकंजा फिरवतेत. पन बारीक काही कळत न्हाई ह्यायला. मेलेत. सुया तुम्हाला लावाव्या लागतील." मग दर रविवारी मी पहिल्या एसटीने शहागडला जाऊन लिंबाखाली पोत्यावर बसू लागले. वाटीला आतून ग्रीस लावायचं, त्यात एकेक सुई उभी करायची. चार क्रॉस, सोळा वाट्या. ग्रीस सुईला धरून ठेवतं. वाटी चढवताना एक जरी सुई आडवी पडली, तरी वाटी पुरती बसत नाही. इतर ठिकाणी अशा वेळी घण घालतात. मिस्त्रींकडे घण होता, पण तो दारात पडलेला असायचा, दार वाऱ्याने लागू नये म्हणून.

मी अर्थातच सुया मोजत होते. पहिल्या वाटीत मोजल्या, दुसरीत मोजल्या, तिसरीत चुकले आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. मिस्त्री बघत होते. म्हणाले, "मोजू नका."

"मग पुऱ्या आहेत हे कळणार कसं?"

"आमच्यात संध्याकाळी मेंढरं मोजत न्हाईत. नुसतं बघायचं. कोण न्हाई ते दिसतंय."

मला ते पटलं नाही. गणिताच्या बाईला कसं पटणार? पण पाचव्या-सहाव्या वाटीला मला दिसायला लागलं. सगळ्या सुया असल्या की त्या एकमेकींना टेकून घट्ट उभ्या राहतात. एक नसली की साऱ्याच किंचित सैल होतात, कुठे फट आहे ते नेमकं सांगता येत नाही, पण कुणीतरी नाही हे कळतं. मी मोजणं सोडलं. घरी त्या दिवशी ताटं मांडताना माझा हात जरा थांबला.

दसरा आला तोवर चारही क्रॉस बसले होते. दांड्यांचे चार तुकडे साफ करून ठेवलेले होते, ते जोडायचे आणि गाडीखाली चढवायचे एवढंच उरलं होतं. कुठला तुकडा कुठल्याशी आणि कुठल्या खाचेत, हे कळावं म्हणून सोडवताना मिस्त्रींनी त्यांवर गेरूच्या रेघा ओढल्या होत्या, मेंढरांवर ओढतात तशा. डाव्याला एक, उजव्याला दोन. शाळेला सुटी होती म्हणून खंडेनवमीला मी सकाळीच शहागडला पोचले. मिस्त्री नदीवर अंघोळीला गेले होते. त्यांच्या बायकोने, त्यांना मी मावशी म्हणायचे, अंगण सारवून ठेवलं होतं. त्या दिवशी हत्यारं धुऊन त्यांची पूजा करायची आणि मग दिवसभर त्यांना हात लावायचा नाही. मावशींनी हळदीकुंकवाचं ताट आणलं आणि माझ्या हातात दिलं.

मी मागे सरले. म्हटलं, "मावशी, मी कसं लावू?"

"हातानं लावा. कशानं लावतेत?"

तीन वर्षांत माझ्या हातात कुणी ते ताट दिलं नव्हतं. शाळेत हळदीकुंकू असलं की मी वह्या तपासायला घेऊन कोपऱ्यात बसायचे, म्हणजे कुणाची पंचाईत होऊ नये. आणि इथे ही बाई बोलून आत निघूनसुद्धा गेली, भाकरी करपत होती म्हणून. मला इतकं भरून आलं की आता काय करू आणि काय नको असं झालं. मी सगळे पान्हे घासूनपुसून काढले. शिकंजा धुतला. दांड्यांचे तुकडे रॉकेलमध्ये धुतले, मग साबणाने धुतले, जुन्या लुगड्याने पुसले, चारही ओळीत मांडले, आणि एकेकाला हळदकुंकू लावलं. लोखंड असं चमकत होतं की माझी मीच खूश झाले.

मिस्त्री ओल्या पंचावर आले. चार तुकड्यांपुढे उभे राहिले. "खुणा कुठं गेल्या?"

मी तोंड उघडणार तेवढ्यात दारातून मावशी म्हणाल्या, "म्या पुसल्या. लई घाण दिसत व्हत्या." पूजेला आलेले दोन ट्रकवाले तिथे उभे होते. त्यातला एक माझ्या हातातल्या ताटाकडे बघत म्हणाला, "सणासुदीचं कोणी कोणी हात लावतं, मंग असंच व्हतं." मिस्त्रींनी त्याच्याकडे बघितलं नाही, माझ्याकडेही नाही. हत्यारांना हात जोडले आणि म्हणाले, "आज हात लावायचा न्हाई. उद्या बघू." मी एसटीत खिडकीला डोकं टेकवून रडत घरी आले. दांडे चुकीचे जोडले तर गाडी थरथरणार, नवे क्रॉस महिन्यात खाणार. परवा ट्रक येणार. आणि मी मावशींना माझ्या चुकीमागे उभं करून गप्प बसले होते. दोन्हींतलं कुठलं जास्त बोचत होतं, ते मला त्या दिवशी सांगता आलं नसतं.

दसऱ्याच्या दिवशी पहिल्या एसटीने गेले. दादा दारात उभे होते, सणाच्या दिवशी कुठे म्हणून विचारलं नाही. मी वाटेत हिशेब केला होता. दोन आतले तुकडे, दोन बाहेरचे, आणि सांधे एका रेषेत ठेवून प्रत्येक जोडी सुलटी किंवा उलटी, अशा जोड्या लावायच्या आठ तऱ्हा निघत होत्या. त्यातली बरोबर एकच. मिस्त्री तुकडे घेऊन बसलेलेच होते. एकात एक सरकवत होते, काढत होते, पुन्हा सरकवत होते. शेवटी खाली ठेवले. "न्हाई कळत. बाई, तुम्ही बघा. डोळे मिटा आन् सरकवा. अडलं की काढा."

मी डोळे मिटले. पहिली जोडी गेली, पण वाळूत पाय घासावा तशी गेली. फिरवून घातली, तेच. दुसरा तुकडा घेतला. तो अर्ध्यावर अडला. तोच फिरवून पुन्हा घातला, आणि तो नुसता गेला. कुठे लागला नाही, कुठे थांबला नाही. मी डोळे उघडले. मिस्त्री म्हणाले, "हीच. जुनी जोडी अशी सरकती. इतकी वर्षं संगं फिरल्यात ना. दुसऱ्याच्यात घातलं की जातंय, पर अंग चोरून जातंय."

मला हुंदका आला. ह्यांच्या तेराव्यालाही लोकांसमोर मी इतकी रडले नव्हते. मिस्त्री उठले, माठाकडे गेले आणि पाठ करून पाणी पीत राहिले. इतकं पाणी माणूस पिऊ शकत नाही. माझं झाल्यावरच परत आले.

मग मी म्हटलं, "मिस्त्री, खुणा मी पुसल्या होत्या."

"ठाव हाय. आमची बायको तीस वर्षं झाली माझ्या सामानाला हात लावत न्हाई. एकदा लावल्ता, तवा लई भांडान झाल्तं."

"मग काल बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर तुम्ही आज आल्या असत्या का? आन् बोटं तर तुमचीच पाह्यजेत." मग हात पुसत म्हणाले, "चुकलं तर चुकलं. लोखंड हाय. लोखंडाला कुंकू कोणाच्या हातचं, ते कळत न्हाई."

उरलेली जोडीही मी तशीच फिरवून बसवली. डावा दांडा जास्त झिजलेला होता, त्यामुळे बाजू ओळखायला अडचण आली नाही. संध्याकाळपर्यंत दोन्ही दांडे गाडीखाली चढले. पण मिस्त्री गाडी देईनात. तिच्या मागून चालल्याशिवाय द्यायची नाही, आणि अंधार पडला होता. दुसऱ्या दिवशी दादा म्हणाले, "चल, मीही येतो." एसटीत आम्ही दोघं पन्नासएक किलोमीटर शेजारी बसून गेलो. शहागडला भंगाराचा ट्रक आधीच येऊन उभा होता. त्याचा ड्रायव्हर आमच्या लाल गाडीला दोर कुठून बांधायचा, ते बघत होता.

मिस्त्रींनी दादांना विचारलं, "मालक तुम्ही का?"

"मालक गेला," दादा म्हणाले.

"मंग बाई मालक. तुम्ही शेजारी बसा." दादा बसले. त्यांना नाही म्हणायला कुणी जागाच ठेवली नाही. मी गाडी काढली, मिस्त्री मागून चालू लागले. पुलावर आलो. टकटक नव्हती, थरथर नव्हती. दादा खाली पाण्याकडे बघत होते. एकाएकी म्हणाले, "मला त्याने एकदाही बसवून नेलं नाही हिच्यात."

"दादा, ते रोज विचारायचे. तुम्हीच नाही म्हणायचा."

"हो. मीच नाही म्हणायचो." दादांनी चष्मा काढला आणि पुसत राहिले. गाडी आणल्यापासून त्यांनी ह्यांच्याशी भांडण धरलं होतं, पैशाचा चुराडा म्हणून. ते भांडण सोडायच्या आधीच भाऊ गेला. अंगणातली ती ताडपत्री त्यांना रोज सकाळी काय सांगत असेल, ते मला तेव्हा कळलं. तीन वर्षं मी समजत होते की घरात दुःख फक्त मला आहे. परत आलो, तेव्हा मिस्त्री मागून येऊन उकिडवे बसले, कुठल्याच चाकाला हात लावला नाही आणि म्हणाले, "झालं." दादा उतरले आणि ट्रकवाल्याला म्हणाले, "तू जा."

त्यानंतर दर दिवाळीत मी गाडी ग्रीस भरायला शहागडला न्यायचे. मिस्त्री मला कशी आहे म्हणून कधी विचारायचे नाहीत. "चालती का?" एवढंच विचारायचे. मी चालती म्हटलं की मावशींना चहा टाकायला सांगायचे. कधी एखाद्या ट्रकचा क्रॉस उघडलेला असला, तर माझ्यापुढे वाटी सरकवायचे आणि मी पदर खोचून सुया लावायला बसायचे. सांगायला संकोच वाटत नाही, त्या वर्षांत मला कुणी माणसात परत आणलं असेल, तर ते त्या लिंबाखालच्या पोत्याने. शाळेत हळदीकुंकू असलं की मी कोपऱ्यात बसणं सोडलं. कुणी काही म्हणेना. बहुतेक कुणी म्हणतच नव्हतं, मीच उठून जात होते.

पुढे रस्ता रुंद झाला. शेड गेली, लिंब गेला, मिस्त्री मागच्या वस्तीवर राहायला गेले. नंतर एक वर्ष माझ्या निवृत्तीच्या धावपळीत आणि दादांच्या आजारपणात माझं जाणं चुकलं. गाडी पुन्हा टकटक करायला लागली तेव्हा मी एसटीने शहागडला गेले, त्यांना विचारायला. मावशींच्या कपाळाकडे बघितलं आणि कळलं. चैत्रातच गेले होते. मला कळवायला त्यांच्याकडे माझा पत्ता नव्हता. इतक्या वर्षांत पत्ता द्यायचं मला सुचलं नव्हतं, ही लाज मला आजही आहे.

मावशींनी माझ्यासाठी चहा टाकला. म्हणाल्या, "गाडी आनली न्हाई?" मी सांगितलं, मागून वाजतेय. त्या म्हणाल्या, "मंग उघडा की. ते समद्यायला सांगायचे, जालन्याची बाई आता स्वताच करती, तिला माझी गरज न्हाई." मी एकटीने एकदाही केलं नव्हतं. गरज तर मला होती, आणि फक्त क्रॉससाठी नव्हती.

पण त्यांना खोटं कसं पाडायचं? मी क्रॉस शोधले, वाटीला वाटी लावून. अंगणात पोतं अंथरलं. गाडी उचलायला आणि बोल्ट सोडवायला ओळखीच्या मेकॅनिकने हात दिला, दांडे मात्र मी त्याला उघडू दिले नाहीत. दादा खुर्ची टाकून शेजारी बसायचे आणि अधूनमधून "जमतंय का?" म्हणायचे. चार रविवार लागले. दोनदा सुई आडवी पडली, दोनदा सगळं उघडलं. पाचव्या रविवारी मी गाडी काढली आणि थेट शहागडच्या वस्तीवर नेली. मावशी दारात धान्य निवडत होत्या. म्हटलं, "मावशी, बसा."

"म्या? न्हाई बाई. म्या कवा बसले?"

"म्हणूनच बसा."

जन्मभर गाड्यांच्या आणि पान्ह्यांच्या आवाजात राहिलेली ती बाई पहिल्यांदाच अशा गाडीत बसली, पदर डोक्यावरून घट्ट धरून, पाय उचलून, जणू तिच्या वजनाने काही मोडेल. मी गाडी पुलावर घेतली. खाली गोदावरी भरून वाहत होती. मावशी समोर बघत होत्या, मग मान जराशी मागे वळवली.

"बाई, काहीच वाजंना हो."

"नाही वाजत, मावशी."

त्या थोडा वेळ ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "एवढ्यासाठी समदा जलम घालवला व्हय ह्यांनी?" आणि हसल्या, आणि हसता हसता पदर डोळ्यांना लावला. मी गाडी आणखी हळू केली.